पग घोरतोय? झोपेत एकदा नीट बघा

पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू असली चपट्या नाकाची कुत्री आमच्या बोर्डिंगला, म्हणजे मालक बाहेरगावी गेल्यावर कुत्री सांभाळतो तिथं, सोडताना मालक हसत सांगतात, आमचा लई घोरतो हां, अगदी आजोबांसारखा. पण रात्री आमची कामाची पोरं या कुत्र्यांजवळ असतात म्हणून सांगतो, दरवेळी ते घोरणं साधं नसतं.

होतं काय, या जातींचं तोंड माणसानं पिढ्यानपिढ्या आखूड करत आणलं पण आतलं मांस त्या मानानं कमी झालंच नाही. नाकपुड्या म्हणजे नुसत्या चिरा, टाळूचा मागचा मऊ भाग लांब, तो थेट श्वासनलिकेच्या तोंडावर येतो. जागेपणी कुत्रं जोर लावून श्वास ओढतं, झोपलं की घशाचे स्नायू सैल पडतात आणि वाट बंद. मग घोरणं मधेच थांबतं, छाती हलते पण हवा जात नाही आणि ते दचकून उठतं. बुलडॉगमधे हे इतकं ठळक दिसतं की माणसाच्या स्लीप अ‍ॅप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास मधेच थांबण्याच्या आजाराच्या अभ्यासासाठी १९८०च्या दशकात इंग्लिश बुलडॉगच घेतले होते.

बसल्या बसल्या डुलक्या घेणं, हनुवटी उशीवर उंच टेकवून झोपणं, तोंडात बॉल धरून झोपणं, हे दिसलं तर लक्ष द्या. बॉलवर जीव आहे म्हणून नाही, तोंड उघडं राहतं म्हणून धरतात. गाढ झोपेत श्वासही मोजा, मिनिटाला ३०च्या वर रोजच जात असेल तर हृदयाचंही काही असू शकतं. आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, दवाखान्यात ते टक्क जागं असतं, डॉक्टरांना काय दिसणार!

वजन पहिलं उतरवा, तूप-चपाती आणि चहाची बिस्किटं बंद, घशाभोवतीची चरबीच जास्त त्रास देते. नाकपुड्या मोठ्या करायचं आणि टाळू कापायचं ऑपरेशन असतं, लहान वयात केलेलं बरं. गळपट्टे आम्ही विकतो, पण या जातींना देत नाही, छातीभोवती बांधायचा पट्टा, म्हणजे हार्नेसच घ्या. हिरड्या निळ्या दिसल्या तर मात्र तडक दवाखाना, रात्र असली तरी.

सांगलीच्या एप्रिल-मेमधे अशा कुत्र्यांना आम्ही एसीच्या खोलीतच ठेवतो, त्याचं भाडं वेगळं पडतं, बुकिंगच्या वेळी विचारून घ्या.