निरोप पोचेल, पण कोणाचा? टर्मिनल आणि नेटवर्क रिलायबिलिटी

समांतर संगणकात (अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करतात त्या) प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणारं स्विचचं जाळं किती भरवशाचं, हे सांगताना अनेकदा एकच आकडा पुढे केला जातो. तो कशाचा आहे हे आधी विचारावं. ठरलेल्या एका प्रोसेसरचा निरोप ठरलेल्या एका मेमरीपर्यंत पोचण्याची शक्यता म्हणजे टर्मिनल रिलायबिलिटी. प्रत्येक प्रोसेसरचा निरोप प्रत्येक मेमरीपर्यंत पोचू शकण्याची शक्यता म्हणजे नेटवर्क रिलायबिलिटी.

8 बाय 8 चं ओमेगा नेटवर्क घ्या, म्हणजे 8 प्रोसेसर आणि 8 मेमरी यांना टप्प्याटप्प्याने जोडणारं स्विचचं जाळं. 3 टप्पे, प्रत्येकात 4 स्विच, एकूण 12. निरोप 5 नंबरच्या मेमरीकडे न्यायचाय. 5 म्हणजे बायनरीत 101. प्रत्येक स्विचला बाहेर पडायची दोन तोंडं असतात: 0 असेल तर वरचं, 1 असेल तर खालचं. म्हणून तो पहिल्या स्विचच्या खालच्या तोंडातून निघतो, दुसऱ्याच्या वरच्या, तिसऱ्याच्या पुन्हा खालच्या. सुरुवात कुठूनही झालेली असो, नियम हाच. प्रत्येक जोडीला रस्ता मात्र एकच, आणि त्यातला एक स्विच गेला की तो बंद.

स्विच चालू असण्याची शक्यता 0.99 धरली तर 3 स्विचच्या रस्त्याची होते 0.9703. सगळ्या जोड्या जुळायच्या तर 12 च्या 12 स्विच शाबूत हवेत, म्हणजे 0.8864. (एकाकडून सगळ्यांना निरोप धाडायचा असेल तर 7 स्विच लागतात. ती ब्रॉडकास्ट रिलायबिलिटी, या दोघींच्या मधली.)

जाळं वाढलं की ही दरी भयंकर रुंदावते. 1024 बाय 1024 मध्ये रस्त्यावर 10 स्विच, पण जाळ्यात 5120. प्रत्येक स्विच 0.9999 इतका चांगला घेतला तरी टर्मिनल रिलायबिलिटी 0.999 आणि नेटवर्क रिलायबिलिटी जेमतेम 0.6! मॅट्रिक्स ट्रान्सपोजसारख्या (आकड्यांच्या तक्त्यातल्या ओळींचे स्तंभ करण्याच्या) कामात प्रत्येक प्रोसेसरला बाकी सगळ्यांशी बोलावं लागतं. तिथे पहिला आकडा दाखवणं मला दिशाभूलच वाटते.

एक जादा टप्पा जोडला की प्रत्येक जोडीला दोन रस्ते मिळतात. 8 बाय 8 मध्ये टर्मिनल रिलायबिलिटी 0.9703 वरून 0.9797 वर जाते. एवढीच का? कारण दोन्ही रस्ते पहिल्या आणि शेवटच्या स्विचमधूनच जातात, आणि त्या दोघांना पर्याय नाही.

हे सगळे गुणाकार प्रत्येक स्विच स्वतंत्रपणे बिघडतो असं धरून केलेत. एकाच पॉवर सप्लायवरचे स्विच एकदमच बंद पडतात, तेव्हा हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.