चिनी विद्यार्थ्यांना शिकवायला परदेशी जायचंय? कुणालाही पैसे देण्याआधी हे वाचा

आमच्याकडे चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे पत्रक आधी वाचायला देतो, बोलणं त्यानंतर. येणारे बहुतेक जण बी.एड. झालेले, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तीन-चार वर्षं काढलेले, पगाराला कंटाळलेले असतात. मोबाइलवर एखादी जाहिरात आलेली असते: चीनमध्ये इंग्रजी शिक्षक हवेत, राहणं फुकट, विमानभाडं कंपनीचं, अनुभवाची अट नाही. खाली एका एजंटाचा नंबर.

आम्ही भरती एजंट नाही. परदेशी नोकरी लावून द्यायची तर १९८३च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही आणि तो आमचा धंदाही नाही. कागदपत्रं तपासणं, करारनामा वाचून समजावणं आणि डेमो तासाची तयारी करून घेणं, एवढंच आम्ही करतो. म्हणून पुढचं सगळं आडपडदा न ठेवता सांगू शकतो.

पासपोर्ट भारतीय असेल तर

चीनमध्ये परदेशी माणसांच्या वर्क परमिटचे अ, ब, क असे तीन वर्ग आहेत. ही पद्धत १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू आहे. भाषाशिक्षक ‘ब’ वर्गात येतात. त्यांच्यासाठीचा नियम असा, की शिक्षकाने तत्त्वतः आपल्या मायदेशाची मातृभाषाच शिकवावी. शिवाय पदवी हवी आणि भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव हवा. शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी, अध्यापनाचा परवाना किंवा भाषाशिक्षणाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असेल तर अनुभवात सूट मिळते. मातृभाषेच्या अटीत मात्र ही प्रमाणपत्रं कामी येत नाहीत. इंग्रजीसाठी व्यवहारात सातच देश धरले जातात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही.

तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो, पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेले असा, अर्ज पासपोर्टपाशी अडतो. हे अन्यायाचं आहे असं आम्हालाही वाटतं. उत्तम शिकवणारी माणसं केवळ यापायी मागे राहिलेली आम्ही पाहतो. पण नियम आहे तो आहे, आणि तो लपवून तुमच्याकडून पैसे घेणं पाप आहे. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात पदवी घेतलेल्यांचा काही शहरांत विचार होतो, पण तो तिथल्या स्थानिक कार्यालयाचा निर्णय असतो. त्याच्या भरवशावर इथली नोकरी सोडू नका. तुमचा भाऊ, भाची किंवा पुतण्या अमेरिकन वा ब्रिटिश नागरिक असेल, तर त्याच्यासाठी हा रस्ता सरळ उघडा आहे.

मग एजंट माणसं पाठवतात कशी? बिझनेसच्या एम व्हिसावर, विद्यार्थ्याच्या एक्स व्हिसावर, कधी चक्क पर्यटकाच्या एल व्हिसावर. “तिकडे पोचलात की बदलून घेऊ,” हे वाक्य ऐकलंत की तिथून उठा. कामासाठी झेड व्हिसाच लागतो. तो मिळण्याआधी चीनमधल्या मालकाने तुमच्या नावाने वर्क परमिटची मंजुरी काढलेली असावी लागते. क्रम असाच आहे, उलटा चालत नाही. चीनच्या प्रवेश-निर्गमन कायद्यात बेकायदा काम करणाऱ्या परदेशी माणसाला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे. प्रकरण गंभीर ठरलं तर दंडासोबत ५ ते १५ दिवसांची कोठडी आणि मायदेशी रवानगी. मालकालाही दंड होतो, पण त्याची शाळा दुसऱ्या दिवशी भरते. तुमचं मात्र तिथलं सगळं संपतं.

बालवाडीसाठी ‘कोणत्याही देशाचे शिक्षक चालतील’ अशा जाहिरातींत हा धोका सर्वांत जास्त दिसतो. आणि नोकरी ‘चिनी कंपनीत’ पण ऑफिस थायलंडमध्ये, मुलाखत फक्त चॅटवर, पगार अवाच्या सवा, असं काही आलं तर उत्तरसुद्धा देऊ नका. थायलंडच्या नावाने बोलावून म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत भारतीय तरुणांना डांबलं गेलं आहे. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून याबद्दल इशारे देत आहे.

घरी बसून ऑनलाइन शिकवणं

याची चौकशी अजूनही खूप होते, कारण २०२०च्या आसपास ते काम खरोखरच जोरात होतं. २४ जुलै २०२१ला चीन सरकारने शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले. देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून मुलांना शिकवून घ्यायला त्यात स्पष्ट मनाई आहे. मोठमोठ्या कंपन्यांनी परदेशी शिक्षकांचे वर्ग बंद केले, काहींनी चीनमधला धंदाच सोडून इतर देशांत बस्तान हलवलं.

आता उरलेत ते प्रौढ विद्यार्थी: आयईएल्‌टीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांना बसणारे, नोकरीत बढतीसाठी इंग्रजी हवं असलेले. शिवाय सिंगापूर, मलेशिया, ऑस्ट्रेलियात राहणारी चिनी कुटुंबं. काम मिळतं, पण तासागणिक आणि अनियमित. इथली नोकरी सांभाळून जोडकाम म्हणून करा, सगळं सोडून नको. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं, त्यामुळे तिकडचा रात्री आठचा तास आपल्याकडे साडेपाचला पडतो. शाळेतून दमून येणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा.

खरा उघडा रस्ता: विषयशिक्षक

गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणक, अर्थशास्त्र हे विषय इंग्रजीतून शिकवणाऱ्यांना मातृभाषेची अट लागू होत नाही. संबंधित पदवी आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव असेल तर भारतीय पासपोर्टवर रीतसर परवाना मिळू शकतो. चिनी मुलांसाठीच्या खासगी द्विभाषिक शाळांत ए-लेव्हल, आयबी, एपी असे परदेशी अभ्यासक्रम चालतात. नववीपर्यंतच्या शिक्षणात परदेशी अभ्यासक्रमांवर २०२१ पासून बंधनं आली आहेत, म्हणून भरती मुख्यतः दहावी ते बारावीच्या वर्गांसाठी असते. शाळा १ सप्टेंबरला सुरू होतात, तेव्हा मुलाखतींचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. मे महिन्यात सुट्टी लागल्यावर आमच्याकडे येणाऱ्यांना त्या वर्षासाठी बहुधा उशीर झालेला असतो.

इंग्रजी साहित्यात एम.ए. केलेल्यांना हे वाचून वाईट वाटतं याची आम्हाला कल्पना आहे. पण बी.एस्सी. बी.एड. असलेल्यांनी इंग्रजीच्या जाहिरातींमागे धावून आपला विषय विसरू नये. तिथे तुम्ही गणित शिकवताना इंग्रजीही शिकवतच असता, आणि तेही त्या मुलांना खरी गरज असते तेव्हा.

डेमो तास

निवड बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांच्या डेमो तासावर होते. आमचा सगळ्यात जास्त वेळ याच तयारीत जातो आणि आम्हाला सगळ्यात आवडतंही तेच.

पहिली गोष्ट उच्चारांची. चिनी भाषेत ‘ब’ आणि ‘प’ मधला फरक आवाजाच्या घोषावर, म्हणजे गळ्यातल्या कंपनावर नसतो, तोंडातून सुटणाऱ्या हवेच्या झोतावर असतो. आपण मराठी माणसं इंग्रजी ‘पिन’ म्हणताना हवा सोडतच नाही, अगदी ‘पिशवी’तल्या ‘पि’सारखं म्हणतो. समोरच्या चिनी कानाला ते ‘बिन’ ऐकू येतं. ‘टाय’चं ‘डाय’ होतं, ‘कोट’चं ‘गोट’. तुम्ही तीनदा सांगता, मूल तीनदा चुकीचं लिहितं, आणि मुलाखत घेणाऱ्याची समजूत होते की शिक्षकाचे उच्चार खराब आहेत. उपाय सोपा आहे. तोंडासमोर कागदी रुमाल धरा आणि ‘पिन’ म्हणा. रुमाल हलला पाहिजे. शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क साठी रोज थोडा वेळ हा सराव केला की काही आठवड्यांत फरक पडतो. प्ह, ठ, ख हे हवेचे आवाज आपल्या जिभेला परके नाहीत, फक्त इंग्रजी बोलताना ते वापरायची सवय नाही. व्ही आणि डब्ल्यूचंही तसंच: दोन्हींना आपण एकच ‘व’ लावतो, तो वेगळा करा.

मुलांच्या चुका कुठून येतात हे माहीत असलं की तास वेगळाच होतो. चिनी बोलण्यात तो, ती आणि ते या तिन्हींसाठी ‘था’ हा एकच उच्चार आहे, म्हणून हुशार मुलगीसुद्धा आपल्या आईला बेधडक ‘ही’ म्हणते. क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, म्हणून काल गेलो आणि उद्या जातो यांना एकच रूप येतं. प्रमाण चिनी भाषेत शब्दाच्या शेवटी न, ङ आणि र सोडले तर व्यंजन येत नाही, म्हणून ‘बिग’चं ‘बिगअ’ होतं. डेमोमध्ये अशी चूक आली तर दरडावू नका आणि लगेच नियमही सांगू नका. बरोबर वाक्य स्वतः एकदा म्हणा, मुलाला पुन्हा म्हणू द्या, पुढे चला. आपल्याकडच्या वर्गात शिक्षक बोलतो आणि मुलं लिहितात. तिथे परीक्षक मूल किती बोललं हे पाहत असतो.

विषयशिक्षकांसाठी एक खास सूचना. दहावीच्या चिनी मुलाचं गणित बहुधा पक्कं असतं. वर्गसमीकरण तो तुमच्याआधी सोडवून बसेल. त्याला अडतं ते न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, कोइफिशंट या शब्दांपाशी. म्हणून उत्तर काढून दाखवण्यात वेळ घालवू नका. तीन-चार शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, सावकाश म्हणा, आणि त्यालाच एक पायरी इंग्रजीत सांगायला लावा.

कागदपत्रं आणि करार

‘अपॉस्टिल करून देतो’ म्हणून पैसे घेणारे पुष्कळ आहेत. अपॉस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या सगळ्या देशांत चालणारा एकच शिक्का. अपॉस्टिलच्या करारात भारत २००५ पासून आहे आणि चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून. पण चीनच्या प्रवेशाला भारताने हरकत घेतलेली असल्याने हा करार या दोन देशांमध्ये लागू होत नाही. म्हणून चीनसाठी जुनाच मार्ग: राज्य शासनाची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन, मग चीनच्या वकिलातीचं प्रमाणीकरण. पदवी आणि पोलीस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) दोन्हींसाठी वकिलातीचं प्रमाणीकरण लागतं. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. पदवीवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळतंय ना, हे आजच पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींचे अर्ज बऱ्याचदा इथेच अडकतात.

एजंटामार्फत जात असाल तर त्याचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंटाला घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी इतकंच आहे. दोन-तीन लाख मागणारा माणूस कितीही गोड बोलला तरी कायद्याबाहेर आहे.

करार चिनी आणि इंग्रजी असा दोन्ही भाषांत असतो, आणि वाद झाला तर बहुतेक करारांत चिनी मजकूर ग्राह्य धरलेला असतो. तो मजकूर जाणकाराकडून वाचून घ्या. तासांचा हिशोब फक्त शिकवण्याचा आहे की शाळेत बसण्याचाही, हे विचारा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार मिळतो का, तेही विचारा. एक वर्ष किंवा जास्त, पण तीन वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या करारात चाचणी काळ दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मालकाने पासपोर्ट किंवा मूळ पदवी ठेवून घेणं तिथल्या कामगार करार कायद्यातच निषिद्ध आहे. नोकरी सोडताना रिलीज लेटर, म्हणजे मोकळं केल्याचं पत्र, देण्याचं कलम करारात असायलाच हवं, ते नसेल तर दुसऱ्या शाळेत जाताना फार ओढाताण होते.

पोचल्यावर

शाळेने दिलेल्या घरात राहणार असाल तर २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची. झेड व्हिसावर पोचल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा. हे शाळेने करून द्यायला हवं, पण तारखा तुम्ही लक्षात ठेवा.

घरच्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. व्हॉट्सअॅप आणि जीमेल चीनमध्ये चालत नाही, आणि चीनमध्ये ज्याच्यावर सगळं चालतं ते वीचॅट अॅप भारतात जून २०२० पासून बंद आहे. आई-बाबांना हे आधी सांगितलं नाही तर पहिल्याच रात्री घरात रडारड होते. भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवून न्या. त्याच्या डेटावर व्हॉट्सअॅप चालतं, आणि इथल्या बँकेचा ओटीपीही त्याच नंबरवर येतो. अडचण आली तर बीजिंगला आपला दूतावास आहे, शांघाय आणि ग्वांगचौला वाणिज्य दूतावास आहेत. तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे.

आमच्याकडे येताना

पासपोर्ट, पदवी, गुणपत्रकं आणि अनुभवाचे दाखले यांच्या झेरॉक्स आणा. मूळ कागद फक्त दाखवायला आणा, आम्ही ते ठेवून घेत नाही. ऑफर लेटर आलं असेल तर त्याची पूर्ण प्रत आणा, मोबाइलवरचा अर्धा फोटो नको. पहिल्या भेटीचं शुल्क नाही. तुमच्या पासपोर्टवर आणि पदवीवर काम मिळण्यासारखं नसेल तर त्याच भेटीत तसं सांगतो आणि पुढचं काही घेत नाही. कुणा एजंटाला आधीच पैसे दिले असतील तर पावती, बँकेचं स्टेटमेंट आणि त्याच्याशी झालेलं चॅटही सोबत आणा.