डायनो ट्यूनिंग : जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन

डायनॅमोमीटर, म्हणजे बोलीतला डायनो, या यंत्रावर गाडी चालवायची, इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, प्रत्यक्ष मोजायचा आणि त्यानुसार इंधनमिश्रण व ठिणगीची वेळ जुळवायची, या पद्धतीला डायनो ट्यूनिंग म्हणतात. आजच्या इंजिनात ही कामे संगणक करतो. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या उपकरणाच्या, काळातल्या गाडीत ती एक निमुळती सुई आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागातल्या, दोन छोट्या स्प्रिंगा करतात. पन्नास-साठ वर्षांत त्या झिजतात, सैलावतात, कधी कोणीतरी बदललेल्याही असतात.

शक्ती मोजण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये फिरत्या दांड्यावर ब्रेक आवळून टॉर्क मोजला, तर विल्यम फ्राउडने १८७७ मध्ये त्यासाठी पाण्याचा ब्रेक वापरला. गॅरेजमधल्या आजच्या डायनोवर इंजिन बाहेर काढावे लागत नाही. गाडी पट्ट्यांनी घट्ट बांधून तिची मागची चाके रोलरवर फिरवतात. काही यंत्रे जड रोलर किती वेगाने गती घेतो यावरून हिशेब करतात, तर काही विद्युतचुंबकी ब्रेकने इंजिन हव्या त्या आरपीएमला (मिनिटाला फेरे) धरून ठेवतात. जुन्या गाडीसाठी दुसरा प्रकार कितीतरी उपयोगी, कारण त्यावर इंजिन ३००० आरपीएमला स्थिर ठेवून शांतपणे बदल करता येतात. शक्ती गणिताने निघते : न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, म्हणजे किलोवॅट.

उदाहरण म्हणून ब्रिटनची एमजीबी ही स्पोर्ट्स कार घेऊ. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर, ५४०० आरपीएमला ९५ अश्वशक्ती. टॉर्क मात्र ३००० आरपीएमलाच सर्वाधिक, सुमारे १४९ न्यूटन-मीटर. ५४०० ला तो १२५ च्या आसपास उतरलेला असतो. या गाडीचा खरा जोर मधल्या पट्ट्यात आहे. डायनोच्या कागदावर लोक आधी सर्वोच्च अश्वशक्तीचा आकडा शोधतात, पण पाहायला हवी ती २००० ते ४५०० मधली टॉर्कची रेषा. रस्त्यावर गाडी तिथेच चालते.

एसयू कार्ब्युरेटरात एकच जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचे छिद्र, असतो. इंजिन हवा ओढू लागले की कार्ब्युरेटरमधला पिस्टन वर उचलला जातो, त्याला लावलेली सुई जेटमधून वर सरकते आणि पेट्रोलला वाट मोकळी होते. सुईची जाडी दर एक अष्टमांश इंचावर ठरलेली असते. नट फिरवून जेट वर-खाली केला की संपूर्ण मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) किंवा लीन (पेट्रोल कमी) होते. ३००० ला लीन आणि ५००० ला रिच अशी तक्रार असेल तर नटाने काही साधत नाही, सुईच बदलावी लागते. पिस्टन किंचित उचलून आवाज ऐकण्याची मिस्त्र्यांची जुनी पद्धत चांगली आहे, पण ती आयडलिंगपुरती, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालते तेवढ्यापुरती. पूर्ण थ्रॉटलला आत काय चालले आहे ते रोलरवर, सायलेन्सरमध्ये लॅम्बडा सेन्सर, म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण ओळखणारा सेन्सर, घालूनच कळते. पूर्ण जोरासाठी एक भाग पेट्रोलला साडेबारा ते तेरा भाग हवा, असे प्रमाण साधारण धरतात.

या इंजिनात एक अडचण जन्मजात आहे. दोन-दोन सिलिंडरांना मिळून एकच इनटेक पोर्ट (मिश्रण आत येण्याची वाट) असल्याने जोडीतल्या दोघांना सारखे मिश्रण मिळत नाही. सेन्सर सरासरी दाखवतो, म्हणून स्पार्क प्लग काढून प्रत्येकाचा रंग पाहावाच लागतो.

ट्यूनिंगआधी टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर, सिलिंडरमधले कॉम्प्रेशन, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट आणि थ्रॉटलच्या दांड्याजवळून शिरणारी चोरटी हवा तपासायची असते. हे टाळून डायनोवर गेलेला माणूस झीज मोजून परत येतो. मग चौथ्या गिअरमध्ये, जिथे गिअरबॉक्सचे गुणोत्तर १:१ असते, टॉर्कची पहिली रेषा काढतात. त्यानंतर एका वेळी एकच बदल. ठिणगी थोडी थोडी आधी आणत गेले की टॉर्क वाढतो आणि एका जागी थांबतो. तिथेच आपणही थांबायचे; त्यापुढे जोर वाढत नाही, नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून इंजिनाला ठोके बसण्याचा, धोका तेवढा वाढतो.

आकड्यांची तुलना त्याच यंत्रावर, त्याच दिवशीच खरी. कारखान्याचे ९५ हे इंजिनाच्या दांड्यावरचे आहेत. चाकांपर्यंत येताना गिअरबॉक्स, डिफरेन्शियल आणि टायर आपला वाटा घेतात. हवाही फरक पाडते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे तिथला हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळजवळ सहा टक्के कमी भरतो आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्तीही साधारण तेवढीच घटते. यासाठी दाब व तापमान धरून दुरुस्ती-गुणांक लावतात. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) चाचणी संस्थांमध्ये खोलीतल्या हवेची नोंद मापनाचाच भाग असते.

भारतात आता इंधनाचाही प्रश्न आहे. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला सुमारे १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाला साडेतेराच्या आसपास. कार्ब्युरेटरला हा बदल कळत नाही, त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर अचूक लावलेली सुई नव्या इंधनावर लीन पडते. जुने रबरी पाइप आणि सीलही आधी बदलून घ्यावे लागतात.

शेवटची जुळवणी रस्त्यावर होते. एसयूच्या पिस्टनवरच्या नळीत तेल असते. ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर ते पिस्टनला क्षणभर रोखते आणि मिश्रण रिच होते. ते तेल संपलेले असले तरी स्थिर आरपीएमला रोलरवर सगळे ठीक दिसते; ओव्हरटेक करताना गाडी अडखळते तेव्हा ते कळते.