काउंटरपॉइज

एका भाराला विरुद्ध बाजूने तोलून धरणारा दुसरा भार म्हणजे काउंटरपॉइज. इंग्रजीत हा शब्द नाम व क्रियापद असा दोन्ही प्रकारे चालतो. मराठीत त्याला ‘प्रतिभार’ म्हणतात. तराजूच्या हलक्या पारड्यात टाकायच्या वजनासाठी मात्र ‘पासंग’ हाच नेमका शब्द आहे.

जुन्या फ्रेंचमधल्या ‘कॉन्त्र’ (विरुद्ध) आणि ‘पॉइस’ (वजन) या शब्दांपासून ‘काउंटरपॉइज’ आला. ‘पॉइस’चे मूळ लॅटिन ‘पेन्सुम’, आणि त्याचा धातू ‘पेन्देरे’ म्हणजे टांगणे, तोलणे. वजन करायचे तर वस्तू टांगावी लागे, म्हणून दोन्ही अर्थ एकाच धातूत आले. याच्या जोडीचा ‘काउंटरबॅलन्स’ हा शब्द ‘बिलान्क्स’पासून, म्हणजे दोन पारड्यांपासून निघाला. ‘काउंटरॅक्ट’ला मात्र यांचा समानार्थी धरू नये. त्यात परिणाम मोडून काढणे अभिप्रेत असते, तर प्रतिभारात दोन्ही भार जागच्या जागी राहतात. राजकीय लेखनात एका सत्तेला दुसरीचा प्रतिभार म्हणतात तेही याच अर्थाने.

प्रत्यक्ष वापर लिफ्टमध्ये स्पष्ट दिसतो. प्रतिभार साधारणपणे केबिनचे वजन अधिक क्षमतेच्या 40 ते 50 टक्के इतका ठेवतात. केबिन 1,000 किलो आणि क्षमता 800 किलो असेल, तर 50 टक्क्यांनी तो 1,400 किलो होतो. मग केबिन पूर्ण भरलेली असो वा रिकामी, फरक 400 किलोचाच राहतो. पुढे केबिनमध्ये 150 किलोची दगडी फरशी बसवली आणि प्रतिभार तसाच ठेवला, तर भरलेल्या केबिनचा फरक 550 किलोवर जातो. मोटर तापते, ब्रेकवर ताण येतो, दोर कप्पीवरून घसरू शकतो. तपासणीसाठी केबिनमध्ये निम्मा भार ठेवतात आणि ती मध्यावर प्रतिभारासमोर आली की चढतानाचा व उतरतानाचा विद्युतप्रवाह मोजतात. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एक गोष्ट हमखास विसरली जाते : प्रतिभाराने वजन तोलले जाते, जडत्व नाही. निम्म्या भाराची ही लिफ्ट हलवताना 2,800 किलोंना वेग द्यावा लागतो.

क्रेनमध्ये वजनाइतकेच अंतरही मोजावे लागते : आसापासून 30 मीटरवरचा 2 टन भार 12 मीटरवरचे 5 टन तोलतात.

रेडिओत अँटेनाखाली जमिनीपासून अलग ताणलेल्या तारांनाही काउंटरपॉइज म्हणतात. 7.1 मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीची अशी तार सुमारे 10.5 मीटर भरते. वीजवाहिनीच्या मनोऱ्याखाली मात्र याच नावाची तार जमिनीत पुरलेली असते, विजेचा लोळ मातीत सहज उतरावा म्हणून.