पिल्लांचा बेत ठरवताना : तारखांचा हिशोब, तपासण्या आणि खर्च

ठाण्यातील घोडबंदर रोड, माजिवडा, कोलशेत, वर्तकनगर आणि थेट ऐरोलीपर्यंतच्या ज्या ग्राहकांना आपल्या पाळीव कुत्रीचे एक वेत घ्यायचे असते, ते आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात साधारणपणे दोन प्रश्न घेऊन येतात. एकूण खर्च किती येईल, हा पहिला. दुसरा प्रश्न बहुधा रात्री उशिरा फोनवर येतो : "मेटिंगला ६३ दिवस झाले, अजून कळा नाहीत, सिझर करून टाकायचे का?" या दुसऱ्या प्रश्नात ग्राहकांचा आणि आमचा सर्वाधिक वेळ जातो, आणि पुष्कळदा पैसाही त्यातच वाढतो. म्हणून या पत्रकात तोच आधी घेतला आहे.

कुत्रीचे दिवस ६३ असतात हे खरे आहे. मात्र ते ओव्ह्युलेशनपासून, म्हणजे बीज सुटल्याच्या दिवसापासून मोजायचे असतात, मेटिंगपासून, म्हणजे नर-मादीच्या मिलनापासून नव्हे. नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात पाच-सहा दिवस, क्वचित त्याहूनही अधिक काळ टिकून राहतात. उलट मादीचे बीज सुटल्यावर लगेच फळत नाही, त्याला पक्व व्हायला आणखी सुमारे दोन दिवस लागतात. त्यामुळे मेटिंग बीज सुटण्याच्या आधी झाले असेल तर विण्याचा दिवस आपल्या हिशोबापेक्षा पुढे जातो आणि उशिरा झाले असेल तर अलीकडे येतो. पहिल्या मेटिंगपासून मोजल्यास निरोगी कुत्री ५७व्या दिवशीही विऊ शकते आणि ७२व्या दिवशीही. हा फरक दोन आठवड्यांचा आहे. शिवाय स्टडचे, म्हणजे मेटिंगसाठी आणलेल्या नराचे, मालक एक दिवसाआड दोन-तीनदा मेटिंग करून देतात, तेव्हा हिशोब नेमका कोणत्या तारखेपासून धरावा, यावर घरातच दोन मते होतात.

हीटचा, म्हणजे माजाचा, रक्तस्राव सुरू झाल्यापासून अकरावा ते तेरावा दिवस मेटिंगला योग्य, हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि बऱ्याच कुत्र्यांच्या बाबतीत तो लागूही पडतो. पण काही माद्यांचे बीज सातव्या-आठव्या दिवशी सुटते, तर काहींचे विसाव्या दिवसानंतर. मादी नराला उभी राहते आहे, शेपटी बाजूला करते आहे, एवढ्यावरून अंदाज बांधता येतो, तारीख सांगता येत नाही.

तारीख चुकल्याने नेमके काय बिघडते, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. समजा, आपल्या हिशोबाने ६३वा दिवस आहे, पण प्रत्यक्षात बीज सुटल्याला ५८च दिवस झाले आहेत. अशा वेळी सिझर केले तर पिल्ले जिवंत निघतात, परंतु त्यांची फुप्फुसे तयार झालेली नसतात. दोन पिल्ले हातात घेतल्यावर फरक स्पष्ट दिसतो : दिवस भरलेले पिल्लू पुसताच किंचाळते आणि स्तन शोधू लागते; दिवस न भरलेले तोंड उघडून हवा ओढत राहते, त्याच्या जिभेचा रंग निळसर होतो आणि अंगावर, विशेषतः पंजांवर, लव विरळ असते. अशी पिल्ले पुढच्या दिवसभरात एकेक करून जातात. याच्या अगदी उलट प्रकार पोटात एकच पिल्लू असताना होतो. कळा सुरू होण्याचा इशारा पिल्लांकडून जातो, आणि एकट्या पिल्लाचा इशारा कधीकधी अपुरा पडतो. मादी निवांत दिसते, दिवस उलटून जातात आणि पिल्लू आतच दगावते. पहिल्या प्रसंगात थांबणे योग्य असते, दुसऱ्यात थांबणे घातक. बाहेरून दोन्ही माद्या सारख्याच दिसतात. तारीख हाताशी असेल तरच आम्हाला ठामपणे निर्णय घेता येतो.

सोयीची तारीख ठरवून सिझर करण्याची विनंती आम्ही स्वीकारत नाही, ती याच कारणामुळे. रविवारी सर्वजण घरी असतात, गणपतीत गावी जायचे आहे, अमुक दिवस चांगला आहे, ही कारणे आम्हाला कळतात. दुसऱ्या दवाखान्यांत असे सिझर करून मिळते, हेही काही ग्राहक आम्हाला ऐकवतात. आमच्याकडे शस्त्रक्रियेचा दिवस मादीचे तापमान, रक्तातील प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवून ठेवणारे संप्रेरक) आणि सोनोग्राफीतील पिल्लांचे हृदयाचे ठोके पाहूनच ठरतो.

तारीख मिळवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे प्रोजेस्टेरॉनची रक्तचाचणी. रक्तस्रावाचा पहिला थेंब दिसला, तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि पाचव्या-सहाव्या दिवशी मादीला पहिल्या चाचणीसाठी आणावे. ज्या माद्या स्वतःला सतत चाटून स्वच्छ ठेवतात त्यांचा पहिला दिवस सहज निसटतो. त्यांच्या अंथरुणावर पांढरी चादर घालावी. रक्तातील प्रोजेस्टेरॉन दर मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमच्या आसपास आले की बीज सुटण्याची वेळ जवळ आली असे समजावे, आणि ५च्या आसपास गेले की बीज सुटले असे धरले जाते. त्यानंतर दुसऱ्या आणि चौथ्या दिवशीचे मेटिंग सर्वांत फलदायी ठरते. चाचणी एकदाच करून भागत नाही. आकडा कितीने आणि किती वेगाने चढतो आहे हे पाहायचे असते, म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतराने साधारणतः तीन ते चार चाचण्या लागतात. "एवढ्या चाचण्या कशाला?" असा सूर आम्ही नेहमी ऐकतो, त्यावर आमचे म्हणणे एवढेच की चारही चाचण्यांचा खर्च रात्री तातडीने केलेल्या एका सिझरच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी असतो, आणि पुण्या-नाशिकच्या स्टडकडे वाया जाणारी खेप वाचते ती वेगळीच.

चाचण्या न करता मेटिंग झालेच असेल, तर निदान प्रत्येक मेटिंगची तारीख लिहून आणावी आणि मेटिंगपासून २५ ते ३० दिवसांच्या दरम्यान सोनोग्राफी करून घ्यावी. त्या वयात पिल्लाच्या पिशवीचे माप घेऊन दिवसांचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. नंतर तो ढिला होत जातो. सोनोग्राफीत पिल्लांची संख्या नेमकी सांगता येत नाही, ती ५५व्या दिवसानंतरच्या एक्स-रेमध्ये मोजावी. हा एक्स-रे अनेकांना अनावश्यक वाटतो. परंतु पाच पिल्ले बाहेर आल्यावर सहावे आत आहे की नाही, हे पहाटे चार वाजता ओळखण्याचा घरी दुसरा उपाय नसतो.

शेवटच्या आठवड्यात रोज सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळी गुदद्वारातून तापमान घ्यावे व लिहून ठेवावे. एरवी ते १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. ९९च्या खाली उतरले की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. ही उतरण काही तासांचीच असते, त्यामुळे मनात आले तेव्हा घेतलेल्या तापमानात ती हमखास हुकते. जोरदार कळा सुरू होऊन अर्धा तास झाला तरी पिल्लू आले नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून अधिक अंतर पडले, किंवा पहिले पिल्लू येण्याआधीच हिरवट स्राव दिसला, तर फोन करून वाट पाहत बसू नये, फोन करत करतच निघावे. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर किती वेळ जाईल हे आम्ही आपल्याला सांगायला नको.

दोन गोष्टी घरी करू नयेत. केमिस्टकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून कळा वाढवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन आणून देऊ नये. पिल्लू आडवे अडकलेले असताना ते दिले तर गर्भाशय फाटू शकते. तसेच मादी गाभण आहे असे कळताच कॅल्शियमचे सिरप सुरू करू नये. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतून ते मोकळे करण्याची शरीराची यंत्रणा मंदावते, आणि दूध भरभरून सुटते तेव्हा रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरते. पॉमेरेनियन, शीत्झू यांसारख्या लहान जातींत व्याल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी धाप, थरथर, ताठरलेली चाल असे दिसले तर तो हाच प्रकार असतो आणि त्यात काही तासांत जीव जाऊ शकतो. गर्भारपणाच्या शेवटच्या एक तृतीयांश काळात चांगल्या प्रतीचे पपी फूड देणे पुरेसे असते.

आता खर्चाविषयी. लॅब्राडॉरसारख्या जातीचे सहा पिल्लांचे वेत धरले, तर आमच्या सध्याच्या दरांनी मेटिंगपूर्वीच्या तपासण्या (गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेला जंतूची चाचणी, गोचीडतापाची रक्ततपासणी, नितंबाच्या सांध्यांचा एक्स-रे) सुमारे ६,००० रुपयांत होतात. प्रोजेस्टेरॉनची एक चाचणी १,८०० रुपयांची, सोनोग्राफी १,५०० रुपयांची आणि पिल्ले मोजण्याचा एक्स-रे १,२०० रुपयांचा आहे. आईचा वाढीव आहार, विण्यासाठीची पेटी आणि उबेचा दिवा यांना १०,००० रुपये धरावेत. लोक विसरतात तो खर्च पिल्लांचा. दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी जंताचे औषध (हे जंत आईच्या पोटातच पिल्लांत उतरतात, त्यामुळे आई कितीही स्वच्छ असली तरी ते टाळता येत नाही), सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यानची पहिली लस आणि मायक्रोचिप मिळून प्रत्येक पिल्लामागे सुमारे २,५०० रुपये, म्हणजे सहांचे १५,०००. त्यांच्या खाण्याचे ६,००० ते ८,००० वेगळे. स्टडची फी सोडून ही बेरीज ५०,००० रुपयांच्या आसपास जाते. सिझर लागले तर दिवसा २८,००० आणि रात्री ३५,००० रुपये त्यात मिळवावेत. पिल्ले विकून सर्व खर्च निघेल आणि वर चार पैसे उरतील, या हिशोबाने आलेल्या ग्राहकांना आम्ही हाच कागद आधी दाखवतो.

पैशांखेरीज माणूसही लागतो. पहिला आठवडा पिल्लांना स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही, त्यामुळे पेटीत २९ ते ३२ अंश सेल्सियस ऊब असावी लागते. मे महिन्यात बेडरूममध्ये एसी लावून शेजारी पिल्ले ठेवणे चालत नाही. रोज ठरावीक वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येकाचे वजन करावे. ज्याचे वजन दुसऱ्या दिवसानंतरही वाढत नाही, त्याला त्याच दिवशी घेऊन यावे.

तब्येतीसाठी एक तरी वेत व्हायलाच हवे, असे मानून कोणी हा बेत करत असेल तर तसे काही नाही. एकदा व्यालेल्या मादीलाही पुढे गर्भाशयात पू होतो. पिल्लांची हौस नसेल तर नसबंदी हाच स्वस्त आणि सुरक्षित मार्ग आहे, आणि ती शस्त्रक्रियाही आमच्याकडे होते. पिल्ले विकायची असतील, तर २०१७च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, मादीचे वय किमान १८ महिने असावे लागते आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू देता येत नाही. तिसाव्या दिवशी पिल्लू नेणाऱ्याला आमच्याकडून लसीचे कार्ड मिळणार नाही.

ज्यांना तारखेची जबाबदारी आमच्यावर सोपवायची आहे, त्यांच्यासाठी चार प्रोजेस्टेरॉन चाचण्या, सोनोग्राफी, एक्स-रे, शेवटच्या आठवड्यातील रात्रीचा फोन आणि व्याल्यानंतर तीन दिवसांच्या आत ठाणे शहरात एक घरभेट अशी एकत्रित नोंदणी ११,५०० रुपयांत करता येते. फोन आणि घरभेट धरून सुट्या दरांनी हीच रक्कम १२,४०० रुपये होते. नोंदणी हीटच्या पहिल्या पाच दिवसांतच केली जाते. मेटिंगनंतर आलेल्यांना या दराने सेवा देता येत नाही, कारण ज्या चाचण्यांवर ती उभी आहे त्यांची वेळ तोवर निघून गेलेली असते. येताना लसीचे कार्ड, मागच्या हीटची तारीख आणि मादीला पूर्वी वेत झाले असल्यास ती कोणत्या दिवशी व्याली याची नोंद आणावी.