दिव्यांग उमेदवारांसाठी मेंटॉरिंग

नोकरी शोधणाऱ्या दिव्यांग व्यक्तीला, तिला हव्या असलेल्या किंवा त्याच्या जवळच्या क्षेत्रात काम करणाऱ्या अनुभवी माणसाने ठरलेल्या मुदतीत, नियमित भेटींतून केलेले वैयक्तिक मार्गदर्शन. हे प्रशिक्षण नव्हे आणि समुपदेशनही नव्हे. जॉब कोचचे कामही वेगळे: तो पगारी व्यावसायिक असतो आणि उमेदवार रुजू झाल्यावर त्याला प्रत्यक्ष जागेवरची कामे शिकवतो. मेंटॉर बहुधा स्वेच्छेने वेळ देतो. नोकरीचे जग आतून कसे चालते हे त्याला ठाऊक असते आणि उमेदवाराला मुख्यतः तेच हवे असते.

इतर तरुणांना ही माहिती नकळत मिळत जाते. सुट्टीत केलेले छोटे काम, इंटर्नशिप, मित्राच्या ओळखीने पाहिलेले ऑफिस यांतून ती गोळा होते. दिव्यांग विद्यार्थ्याच्या बाबतीत हे टप्पे अनेकदा हुकतात. इमारतीला नुसताच जिना असतो, प्रवास एकट्याने जमण्यासारखा नसतो, कधी घरचेच काळजीपोटी पाठवत नाहीत. मग पदवी हातात असते, पण पगाराचा विषय मुलाखतीत कधी काढायचा किंवा वरिष्ठांचे न पटलेले कोणत्या शब्दांत सांगायचे, हे कोणी सांगितलेले नसते. उमेदवाराच्या क्षमतेवर शंका घेणाऱ्यांनी ही तफावत आधी लक्षात घ्यायला हवी.

या कल्पनेला संघटित रूप देणारा एक ठळक उपक्रम म्हणजे अमेरिकेतील ‘डिसॅबिलिटी मेंटॉरिंग डे’. त्याची सुरुवात १९९९ मध्ये व्हाइट हाउसमधील कार्यक्रमाने झाली. तो ऑक्टोबरमध्ये होतो, कारण अपंगत्व आणि रोजगार या विषयाला तिथे तो महिना वाहिलेला आहे. या महिन्याचे मूळ १९४५ मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) घोषित केलेल्या सप्ताहात सापडते. युरोपात आयर्लंडमधील ‘जॉब शॅडो डे’पासून प्रेरणा घेऊन ‘ड्युओडे’ पसरला. त्यात एक दिव्यांग व्यक्ती आणि एक कर्मचारी यांची एका दिवसापुरती जोडी जमते. ऑस्ट्रेलियातील ‘पेस’ हा कार्यक्रम मात्र एका दिवसाचा नसून अनेक भेटींचा आहे. एका दिवसात ऑफिस पाहून होते आणि भीडही चेपते. पण बायोडेटा सुधारणे, मुलाखतीचा सराव, नकार आल्यावर पुन्हा अर्ज करणे या गोष्टींना काही महिने लागतातच. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचे (२००६) कलम २७ काम आणि रोजगाराविषयी आहे. नोकरी शोधणे, मिळवणे आणि टिकवणे यांसाठी साहाय्य देण्याची जबाबदारी ते सदस्य देशांवर टाकते.

भेटींमधला सर्वांत नाजूक विषय म्हणजे अपंगत्वाबद्दल कधी आणि किती सांगायचे. व्हीलचेअर वापरणाऱ्याच्या बाबतीत ते मुलाखतीच्या दारातच दिसते. अपस्मार, मानसिक आजार किंवा ऐकण्यातला सौम्य दोष दिसत नाही. अर्जात सांगावे तर बोलावणेच न येण्याची धास्ती, आणि रुजू होईपर्यंत थांबावे तर लागणारी सोय वेळेवर न मिळण्याची. याला एकच बरोबर उत्तर नाही. मेंटॉरने आपले मत लादू नये. प्रत्येक पर्यायाने काय साधेल आणि काय बिघडू शकेल, ते उमेदवारासमोर मांडावे. निर्णय उमेदवाराचाच.

सोय मागण्याचा सराव मात्र नक्की करून घ्यावा. ‘मला दिसत नाही, सांभाळून घ्या’ असे म्हणणारा उमेदवार समोरच्याला कोड्यात टाकतो. ‘मी संगणकावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरतो. एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मोफत आहे, ते टाकून द्या. फाइली स्कॅन केलेल्या चित्राऐवजी मजकुराच्या स्वरूपात द्या,’ असे सांगणारा आपण काम कसे करणार हे दाखवून देतो. कर्णबधिर उमेदवार मीटिंगमध्ये बोलणाऱ्याचा चेहरा दिसेल अशी जागा, कॅप्शन किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी मागू शकतो. स्वमग्न उमेदवाराला ‘स्वतःबद्दल सांगा’ हा मोघम प्रश्न अडचणीचा ठरू शकतो. अशा वेळी दोन मिनिटांचे उत्तर आधी बांधून, मोठ्याने म्हणून पाहिलेले बरे.

मेंटॉरलाही शिकावे लागते. दुभाषी हजर असला तरी बोलायचे ते उमेदवाराकडे पाहून. न विचारता हात धरायचा नाही, खुर्ची ढकलायची नाही. भेटीची जागा आणि वेळ उमेदवाराला पोहोचता येईल अशीच ठरवायची. सर्वांत मोठा धोका दयेचा आहे: चुकलेला बायोडेटा ‘छान आहे’ म्हणून परत देणारा मेंटॉर उमेदवाराचे नुकसानच करतो. मेंटॉर स्वतः दिव्यांग असेल तर सोयी, प्रवास, लोकांच्या नजरा यांविषयी तो अनुभवाने बोलतो. नसेल, पण त्याच क्षेत्रातला असेल, तर कामाचे बारकावे आणि ओळखी त्याच्याकडे असतात. जमल्यास दोन्ही असावेत.

या व्यवस्थेच्या मर्यादा उघड आहेत. मेंटॉरच्या हाती भरती नसते, आणि हे पहिल्याच भेटीत स्पष्ट न केल्यास अपेक्षाभंग होतो. ऑनलाइन अर्जातील चित्र ओळखण्याची चाचणी स्क्रीन रीडरला वाचता येत नसेल आणि दुसरा पर्यायच दिलेला नसेल, तर कितीही सराव केलेला उमेदवार तिथेच अडकतो. ती दुरुस्त करणे कंपनीचे काम आहे. मेंटॉरिंग सुरू केले म्हणून रॅम्प, सुगम्य संकेतस्थळ किंवा निःपक्षपाती निवड यांतून मालक सुटत नाही. कार्यक्रमाचे यशही किती जोड्या जमल्या यावर मोजणे अपुरे आहे. किती जणांना मनासारखे काम मिळाले आणि वर्षभरानंतर त्यांतले किती त्या कामावर आहेत, याची नोंद ठेवावी लागते.