पाण्यातला परजीवी जिवंत की मेलेला? पीएमए-पीसीआर आणि आरएनए चाचणी

पावसाळा लागला की कोकणातल्या विहिरींत टीसीएल (क्लोरीनची) पावडर पडते, नमुना तपासायला जातो, आणि कोलिफॉर्म जिवाणू सापडले नाहीत की पाणी चांगलं असं आपण धरून चालतो. जिवाणूंपुरतं ते ठीकच. क्रिप्टोस्पोरिडियमचं तसं नाही. हा परजीवी ४ ते ६ मायक्रॉनच्या, जाड कवचाच्या पुटीत बसलेला असतो आणि क्लोरीनला सहसा दाद देत नाही. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर ई. कोलाय हा जिवाणू मिनिटभरात संपतो. या पुट्या ९९.९ टक्के मरायला १० दिवसही पुरत नाहीत. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शुद्धीकरण केंद्रातून आलेलं नळाचं पाणी पिऊन सुमारे ४ लाख लोक आजारी पडले, ते याच्यामुळेच.

पीसीआर म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणारी चाचणी. साधी पीसीआर पाण्यात याचा डीएनए शोधते. पण मेलेल्या पुटीतही डीएनए बराच काळ शाबूत राहतो, त्यामुळे पाणी उकळून घेतलं तरी चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून 'जिवंत तेवढेच मोजतो' म्हणणाऱ्या दोन पद्धती आल्या: पीएमए-पीसीआर आणि आरएनएवरची आरटी-पीसीआर (आरएनएची आधी डीएनए प्रत काढून मग केलेली पीसीआर). दोन्हींच्या शेवटी पीसीआरच असते, म्हणून त्या एकच समजल्या जातात.

पीएमए हे एक रंगद्रव्य. पेशीचं आवरण फाटलेलं असेल तरच ते आत शिरतं. मग नमुन्यावर निळा प्रकाश टाकला की ते डीएनएला कायमचं चिकटतं आणि त्या डीएनएच्या प्रती निघत नाहीत. उरतो तो धड आवरणातल्या पुट्यांचा डीएनए. आरएनए चाचणी वेगळ्या वाटेने जाते. पुट्यांना ४२ ते ४५ अंशांवर सुमारे २० मिनिटं ठेवतात. जिवंत पेशी उष्णतेच्या धक्क्याने एचएसपी७० या प्रथिनासाठी संदेशवाहक आरएनए बनवते, मेलेली बनवत नाही. मात्र आधी नमुन्यातला डीएनए एन्झाइमने पुसून टाकावा लागतो. या जनुकात इंट्रॉन (आरएनए तयार होताना गळून पडणारे तुकडे) नसल्यामुळे डीएनएची प्रत आणि आरएनएची प्रत लांबीवरून ओळखता येत नाही.

थोडक्यात, पीएमए गावातली किती घरं उभी आहेत ते मोजतं, आरएनए किती घरांत चूल पेटते ते. चाकरमान्यांची बंद घरं आठवली की फरक लक्षात येईल.

अशी बंद घरं पाण्यातही असतात. घरोघरच्या यूव्ही फिल्टरमधले अतिनील किरण पुटीचं आवरण फोडत नाहीत, डीएनए बिघडवतात. पुटी धडधाकट दिसते, पण तिच्यापासून संसर्ग होत नाही. पीएमए तिला जिवंत ठरवतं. यूव्हीच्या पाण्याला पीएमए लावणं मला तरी चुकीचं वाटतं. आरएनएही इथे निर्दोष नाही, कारण किरण पडल्यानंतर काही काळ तो सापडू शकतो.

उलट उकळलेल्या पाण्याला पीएमए चांगलं चालतं, कारण उष्णतेने आवरण फाटतं.

आता आपल्याकडची अडचण. पावसात जांभ्याची लाल माती आणि कुजलेल्या पाल्याचं ह्युमिक आम्ल विहिरीत उतरतं. लोह आणि हे आम्ल दोन्ही पीसीआरच्या एन्झाइमला अडवतात, मग परजीवी असूनही निकाल निगेटिव्ह. म्हणून नमुन्यात ओळखीचा डीएनए मिसळून तो तरी सापडतो का ते पाहायला हवं. हे केलं नसेल तर गढूळ पाण्याच्या निगेटिव्ह अहवालावर मी विसंबणार नाही. गढूळपणाचा पीएमएला आणखी एक फटका बसतो: निळा प्रकाश गाळात आतपर्यंत पोचत नाही, आणि मेलेल्या पुट्याही जिवंतांत मोजल्या जातात. आरएनएचं दुखणं निराळं, तो फार लवकर विघटतो. वाडीतून घाट चढून प्रयोगशाळेपर्यंत नमुना थंड राहिला पाहिजे. (किनाऱ्यावर बर्फाला तोटा नाही, पण मासळीच्या बर्फाचं पाणी बाटलीत शिरू देऊ नका.)

संसर्ग होईल का, हे या दोन्ही चाचण्या सांगत नाहीत. त्यासाठी पुट्या माणसाच्या आतड्याच्या एचसीटी-८ पेशींवर सोडून दोन-तीन दिवस वाढवतात आणि मग पीसीआर करतात. ते काम खर्चिक आणि वेळखाऊ, प्रत्येक विहिरीसाठी होणारं नाही. गाव पाण्यासाठी थांबलेलं असताना अहवालाची वाट बघू नये. पाणी खळखळून उकळून मिनिटभर तसंच ठेवलं की पुट्या मरतात.